क्लार्क ग्रिस्वोल्डची बाजू

"'नॅशनल लॅम्पून्स व्हेकेशन' हा सिनेमा तुम्हाला इतका का आवडतो? शेवटी तो बाप चक्क पिस्तूल दाखवून पार्क उघडायला लावतो, ते तुम्हाला पटतं कसं?" इथे शिकागोच्या आसपास राहणाऱ्या मराठी मित्रमंडळींत हा प्रश्न मला सारखा ऐकावा लागतो. सिनेमातले ग्रिस्वोल्डही शिकागोच्या उपनगरातलेच. त्यामुळे बघितला जवळपास सगळ्यांनी आहे, आणि मत नाही असा माणूस विरळा. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. क्लार्क ग्रिस्वोल्ड बायकोला आणि दोन मुलांना घेऊन मोटारीने कॅलिफोर्नियाला निघतो. मुक्काम गाठायचा तो 'वॉली वर्ल्ड' या करमणूक पार्कचा, म्हणजे डिस्नेलँडचीच नक्कल. विमानाने का नको, असं बायको एलेन सुरुवातीलाच विचारते. पण क्लार्कच्या मते निम्मी मजा प्रवासातच असते. पुढे गाडी बिघडते, पैसे संपतात, सोबत घ्यावी लागलेली एडना आत्या वाटेतच जाते आणि तिचा मृतदेह टपावर बांधून न्यावा लागतो. एवढं सोसून पोहोचावं, तर पार्क दुरुस्तीसाठी दोन आठवडे बंद.

हा सिनेमा जुलै १९८३ मध्ये आला. दिग्दर्शक हॅरॉल्ड रेमिस, लेखक जॉन ह्यूज. ह्यूजने आधी 'नॅशनल लॅम्पून' मासिकात याची मूळ कथा लिहिली होती, १९७९ साली. ती घडते १९५८ मध्ये, थेट डिस्नेलँडच्या वाटेवर, आणि सांगतो मुलगा. तिथला बाप शेवटी खुद्द वॉल्ट डिस्नीच्या पायात गोळी घालतो. मागच्या सीटवरून बघणाऱ्या पोराला बाप पिसाळलेला दिसणारच. सिनेमाने मात्र आपल्याला स्टिअरिंगपाशी बसवलं. चेवी चेसचा क्लार्क चिडतो, खोटं बोलतो, फेरारीतल्या मुलीपुढे पाघळतो, पण त्याच्या पोटात काय चाललंय ते आपल्याला पूर्ण वेळ कळत असतं. सिनेमाविषयीच्या मतांत जी फाटाफूट दिसते तिचं मूळ मला इथे वाटतं. पोरवयात बघितलेल्यांना बापाची फजिती आठवते. घर-संसार झाल्यावर बघितलेल्यांना त्याचा आटापिटा.

ग्रँड कॅन्यनचा प्रसंगच घ्या. जवळचे पैसे संपलेत, हॉटेलवाला चेक वटवून देत नाही, म्हणून क्लार्कने गल्ल्यातून रोकड उचलली आहे. बाहेर एलेन कड्यापाशी उभी आहे. तो येतो, तिच्या खांद्यावर हात टाकतो, समोरच्या त्या अफाट दरीकडे बघत दोन-चारदा मान डोलावतो आणि लगेच निघायची घाई करतो. थिएटरात इथे हमखास हशा पिकतो. मी मात्र भारतातून आलेल्या आई-बाबांना 'सगळं दाखवायचं' म्हणून भाड्याची गाडी घेऊन धावणारे कितीतरी जण बघितलेत. मीही त्यातलाच. पुढच्या गावचं बुकिंग, आईचे दुखणारे गुडघे, मागे कंटाळलेली मुलं. नायगाराच्या कठड्यापाशीही डोक्यात पार्किंगचंच गणित चालू असतं. क्लार्कची ती डोलणारी मान मला आतून ओळखीची आहे.

आता शेवटाबद्दल. आज दिसतो तो शेवट मुळात नव्हताच. पहिल्या आवृत्तीत हे कुटुंब पार्कचा मालक रॉय वॉलीच्या घरात घुसतं, त्याला धाक दाखवतं आणि आपली करमणूक करायला लावतं. प्रदर्शनाआधी निवडक प्रेक्षकांना सिनेमा दाखवला, तेव्हा तोवर खदखदून हसणाऱ्या लोकांना हा शेवट अजिबात रुचला नाही. मग ह्यूजने नवा शेवट लिहिला, जॉन कँडीला सुरक्षारक्षकाच्या भूमिकेसाठी आणलं आणि काही महिन्यांनी पुन्हा चित्रीकरण झालं. नीट बघा, पार्कमधल्या दृश्यांत मुलाचं काम करणारा अँथनी मायकल हॉल एकदम उंच झालेला दिसतो.

त्या पहिल्या प्रेक्षकांचं मला मनापासून कौतुक वाटतं. मालकाचा सूड घेण्यात त्यांना काडीचा रस नव्हता. एवढा रस्ता त्यांनीही त्या गाडीत बसून काढला होता, आता त्यांना पाळण्यात बसायचं होतं. नव्या शेवटात क्लार्क छर्ऱ्याच्या पिस्तुलाने कँडीला धमकावतो ते फक्त पार्कच्या रोलर कोस्टरमध्ये बसायला मिळावं म्हणून. पोलीस येतात, मालक येतो. मग क्लार्क त्याला विचारतो, की तुम्ही कधी मुलाबाळांना घेऊन असा लांबचा प्रवास केलाय का? मालकाला आपला प्रवास आठवतो आणि तो तक्रार सोडून देतो. कायद्याने क्लार्क चुकलाच. पण प्रेक्षक म्हणून मला त्याला आत जाताना बघायचंच असतं, कारण त्याआधीचं दृश्य मी विसरू शकत नाही. वॉली वर्ल्डचं पार्किंग अख्खं रिकामं, तरी क्लार्क गाडी पार लांब, दुसऱ्या टोकाला लावतो. का, तर संध्याकाळी गर्दी उसळली की आपण सगळ्यांच्या आधी बाहेर पडू! आणि मग चौघं हात पसरून दाराकडे धावत सुटतात. हा भाबडेपणा ज्याला हास्यास्पद वाटतो त्याला सिनेमा आवडणार नाही, आणि त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

ज्या तक्रारींशी मी सहमत आहे त्याही सांगतो. सेंट लुईसमध्ये रस्ता चुकून ग्रिस्वोल्ड काळ्या लोकांच्या वस्तीत शिरतात, तो प्रसंग तेव्हाही वाईट होता आणि आजही आहे. माणसं म्हणजे चोर, एवढाच तिथला विनोद, आणि माझ्या मते तो पूर्ण कापला असता तरी गोष्टीचं काही बिघडलं नसतं. आमच्यातल्या बायकांचा आक्षेप मोटेलच्या तलावावरच्या रात्रीला असतो. क्लार्क परक्या मुलीबरोबर पाण्यात उतरतो आणि एलेन फार लवकर माफ करते. बेव्हर्ली डीअँजेलोने एलेन इतकी समंजस उभी केलीय, की तिला त्या रात्री खरं रागावू द्यायला हवं होतं असं मलाही वाटतं. वयस्कर मंडळींना आत्याची विटंबना बघवत नाही. माझ्या आईने तर तिथेच उठून चहा टाकला. त्यांना मी आग्रह करत नाही.

मुलांसोबत बघावा का, हे विचारणाऱ्यांना एवढंच सांगेन: अमेरिकेत याला 'आर' प्रमाणपत्र होतं, म्हणजे सतराच्या आतल्यांनी मोठ्यांच्या सोबतीनेच बघायचा. शिव्या आहेत, थोडी नग्नताही आहे. लहानग्यांना नको. कॉलेजच्या उंबरठ्यावरची मुलं असतील तर जरूर सोबत बसा, सेंट लुईस आलं की थांबवून त्यावर बोला, आणि शक्यतो लांबच्या प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री बघा. सामान मात्र आधीच भरून ठेवा.