ब्लॉकमधून पायथन, अपडेट ७: दिसायला एक, असायला दोन पुऱ्या

दोन रविवार गेले, एका शब्दापायी. शब्द 'पुऱ्या'. आणि चूक शेवटी मला सापडलीच नाही, सातवीतल्या पोरीला सापडली, तीही चुकून.

मागच्या वेळी सांगितलं तसं, ठाण्यातल्या वर्तकनगरच्या आमच्या सोसायटी ऑफिसात सहाही पोरं 'तलावपाळीचा पाणीपुरीवाला' हा आपला प्रोग्रॅम स्क्रॅचमधून (रंगीत ब्लॉक जोडून प्रोग्रॅम करायची भाषा) पायथनमध्ये (जी टाइप करून लिहावी लागते) उतरवतायत. स्प्राइट (स्क्रीनवरची हलती चित्रं) वगैरे नंतर, आधी नुसता हिशोब, गिऱ्हाईक काय मागतं आणि किती झाले. नावं सगळी मराठीत, कारण स्क्रॅचमध्ये त्यांनी व्हेरिएबलचं (आकडा साठवायच्या जागेचं) नाव 'उरलेल्या पुऱ्या' ठेवलं होतं आणि पायथन ३ ला तेच नाव मधल्या स्पेसच्या जागी अंडरस्कोर टाकून चालतं. माझा हट्टच आहे हा. ब्लॉक गेले, रंग गेले, वर कोलन आणि इंडेंटेशनचा (ओळ आत सरकवण्याचा) जाच, निदान पोरांनी स्वतः ठेवलेली नावं तरी त्यांची राहू देत.

तर आठवीतला एकजण दरांची डिक्शनरी घरून टाइप करून घेऊन आला, म्हणजे पायथनमधली यादी, पदार्थाचं नाव ही 'की' आणि त्यापुढे त्याचा दर. शेवपुरी, दहीपुरी, पुऱ्या, कचोऱ्या. बिलाचा भाग सातवीतल्या त्या पोरीने इथे माझ्या लॅपटॉपवर लिहिला. शेवपुरी चालली, दहीपुरी चालली. पुऱ्या मागितल्या की की-एरर. आणि एरर काय सांगतोय, तर 'पुऱ्या' नावाची की नाही. अरे समोर दिसतेय की! कचोऱ्यांचंही तेच.

मी काय काय केलं त्याची यादी देत नाही, लाज वाटते. मागेपुढे स्पेस असेल म्हणून स्ट्रिप लावलं, फाइल नवीन केली, थॉनी (ज्यात आम्ही पायथन लिहितो तो एडिटर) बंद करून चालू केला, फॉर लूपने एकेक की प्रिंट केली, सगळ्या जिथल्या तिथे. मग डोक्यात आलं की जे अनेकवचन आहे तेच अडतंय, आणि अर्धा तास त्या अनेकवचनाच्या मागे लागलो, ज्याचा पायथनशी काडीचा संबंध नाही. पोरं कंटाळली. एक जण म्हणाला, "काका, स्क्रॅचमध्ये असं नव्हतं होत." हे वाक्य ऐकायचं नव्हतं मला.

दुसऱ्या रविवारी त्या पोरीने लूप लिहायचा कंटाळा केला आणि अख्खी डिक्शनरीच प्रिंट केली. स्क्रीनवर पुऱ्यांच्या जागी पु, पायमोडका र, मग उलटी तिरकी रेघ, यू २००डी, आणि मग या. "काका हे मधे काय घुसलंय?"

झिरो विड्थ जॉइनर घुसलाय बाई. न दिसणारं अक्षर. एकेक की प्रिंट केली की तो दिसत नाही, पण अख्खी डिक्शनरी प्रिंट केली की पायथन आतल्या शब्दांतली अदृश्य अक्षरं उघडी करून दाखवतो. थॉनीतली व्हेरिएबल्सची खिडकी उघडी असती तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं, पण पोरं गोंधळतात म्हणून ती मीच बंद करून ठेवलेली. तेव्हा थॉनीला काही बोलायचं नाही, नवशिक्यांसाठी त्याच्याइतकं शांत दुसरं काही मला मिळालेलं नाही.

कारण असं की आपला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, यू ०९३१, त्यापुढे हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग हा जॉइनर, मग य. दिसायला सेम टू सेम. लेनला (लांबी मोजणाऱ्या फंक्शनला) विचारलं तर पहिल्या पुऱ्या ६, दुसऱ्या ७. त्या मुलाच्या घरचा कीबोर्ड दुसऱ्या पंथाचा निघाला.

म्हटलं सोपंय, जॉइनर उडवून टाकू. उडवला. आता र चा रफार होऊन य च्या डोक्यावर बसला, 'पुर्या'! आचाऱ्यांचे आचार्य केले मी. युनिकोड नॉर्मलाइझ (वेगवेगळ्या तऱ्हांनी टाइप झालेलं एकसारखं करणं) पण करून पाहिलं, एनएफसी, एनएफकेसी दोन्ही तऱ्हा, त्याला जॉइनरचं काही सोयरसुतक नाही. शेवटी र-हलन्त-जॉइनर एवढा तुकडा धरून त्याजागी ऱ-हलन्त टाकला तेव्हा कुठे बिल निघालं. एका ओळीचं काम! पण पहिलं पूर्ण बिल स्क्रीनवर आलं तेव्हा सेक्रेटरी काकासुद्धा मेंटेनन्सच्या पावत्या सोडून बघायला आले.

एक छोटी गंमत. सगळ्यात लहान पोराने फोनवर इनपुटला 'किती प्लेट' मध्ये मराठी '१२' टाकलं, मी म्हटलं आता फुटणार, तर इंटने (मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनने) त्याचे गुपचूप बारा करून दिले. मात्र कोडमध्ये तेच १२ लिहिलं की सिंटॅक्स एरर. असं का, यावर पोरांनी जेवढे प्रश्न विचारले तेवढे इफ-एल्सवर कधी विचारले नव्हते.

बाकी स्टेशनजवळून घेतलेल्या रिफर्बिश्ड लॅपटॉपची टॅब की पंधरा दिवसांत बसली. त्यावरची पोरं स्पेस मोजत इंडेंट करतात, कुणी तीन कुणी चार. दुकानदार म्हणतो कीबोर्ड वॉरंटीत येत नाही.

पुढच्या रविवारी टर्टल (कासव फिरवून चित्रं काढायचा पायथनचा भाग) सुरू करणार होतो. तयारीपण झालीय. टर्टलचा मोड 'लोगो' केला की शून्य वर आणि ९० उजवीकडे, स्क्रॅचसारखंच, म्हणजे दिशा नव्याने शिकवायला नको, फक्त सुरुवातीला कासव वर तोंड करून असतं ते आठवणीने उजवीकडे वळवायचं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, टर्टल थांबू दे. त्यापेक्षा अदृश्य अक्षरं पकडणारा प्रोग्रॅम त्यांच्याकडूनच लिहून घ्यावा. शब्द द्या, एकेका अक्षराचा नंबर छापा, जॉइनर दिसला की बोंब मारा. लूप आला, इफ आला, स्ट्रिंग आली, आणि हे स्क्रॅचच्या ब्लॉकने करायला गेलं तर जाम वैताग, म्हणजे टेक्स्ट का शिकायचं ते मला सांगावं लागणार नाही. तो तपासून बघायला, ज्यांच्या आडनावात 'ऱ्य' आहे अशी शेजारीपाजारी कोण कोण आहेत ते शोधायचं काम आजच दिलंय.

पोरीने फाइल बनवून नावपण ठेवलंय, पुरी_पोलीस. आत अजून एकच ओळ आहे, आणि तिच्यात कोलन राहिलाय.