यंत्र विकल्यावर दिसणारा नफा खरा किती?

जुने यंत्र विकून नफा झाला की व्यवसायाचा मालक खूश होतो आणि तोटा झाला की सौदा फसला असे समजतो. माझ्या मते या दोन्ही प्रतिक्रिया बहुतेक वेळा चुकीच्या जागी खर्ची पडतात, कारण विक्रीच्या दिवशी पुस्तकात उमटणारा नफा किंवा तोटा हा त्या सौद्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, आधीच्या वर्षांत आकारलेल्या घसाऱ्याविषयी, म्हणजे यंत्राच्या किमतीचा जो हिस्सा वापरापोटी दरवर्षी खर्चात टाकला त्याविषयी, बोलत असतो.

एक उदाहरण घेऊ. चलन कोणतेही धरा. यंत्राची मूळ किंमत 10,00,000, उपयुक्त आयुष्य 6 वर्षे आणि अवशेष मूल्य, म्हणजे आयुष्य संपल्यावर यंत्राचे येतील असे अपेक्षित पैसे, 1,00,000. सरळ रेषा पद्धतीने, म्हणजे दरवर्षी सारखाच घसारा धरून, वार्षिक घसारा 1,50,000 होतो. हे यंत्र साडेचार वर्षांनी, म्हणजे पाचवे आर्थिक वर्ष अर्धे सरल्यावर, 3,70,000 ला विकले आणि ते उतरवून देण्यासाठी 15,000 खर्च आला, असे समजू.

पहिले काम विक्रीच्या तारखेपर्यंतचा घसारा आकारण्याचे, आणि नेमके हेच वारंवार राहून जाते. सहा महिन्यांचे 75,000 धरले की एकत्रित घसारा 6,75,000 आणि पुस्तकी किंमत, म्हणजे मूळ किमतीतून तो वजा जाता उरणारी रक्कम, 3,25,000 होते. त्यानंतर एक स्वतंत्र विक्री खाते उघडून त्याच्या नावे बाजूला मूळ किंमत व विक्रीखर्च आणि जमा बाजूला एकत्रित घसारा व विक्रीची रक्कम नेली की उरणारा फरक, 30,000, हा नफा नफा-तोटा पत्रकात जातो. मूळ किंमत आणि एकत्रित घसारा ही दोन्ही खाती त्या यंत्रापुरती रिकामी व्हायलाच हवीत. केवळ आलेली रक्कम यंत्रसामग्री खात्यात जमा करून मोकळे होणाऱ्यांच्या ताळेबंदात नसलेली यंत्रे वर्षानुवर्षे नांदत राहतात.

आता ते सहा महिने विसरलो असतो तर पुस्तकी किंमत 4,00,000 राहिली असती आणि 30,000 नफ्याऐवजी 45,000 तोटा दिसला असता. वर्षाच्या एकूण निकालावर परिणाम तोच, कारण 75,000 घसारा आणि 30,000 नफा मिळूनही 45,000 चीच घट होते; परंतु वापराचा खर्च विक्रीच्या माथी मारला जातो आणि वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

हाच हिशेब ऱ्हासमान शेष पद्धतीने, म्हणजे दरवर्षी उरलेल्या पुस्तकी किमतीवर ठरावीक टक्के घसारा धरून, 30 टक्के दराने करून पाहण्यासारखा आहे. चार वर्षांनंतर 2,40,100 शिल्लक राहतात, पुढील सहा महिन्यांचे 36,015 वजा जाता पुस्तकी किंमत 2,04,085 आणि विक्रीवरील नफा तब्बल 1,50,915! यंत्र तेच, गिऱ्हाईक तेच, आलेली रक्कमही तीच. एकूण 7,95,915 घसाऱ्यातून हा नफा वजा केला, किंवा पहिल्या पद्धतीतील 6,75,000 मधून 30,000 वजा केले, तरी उत्तर 6,45,000 हेच येते, आणि यंत्र वापरण्याचा खरा खर्च तेवढाच आहे. पद्धत बदलली की तो वर्षांमध्ये वेगळा वाटला जातो, एवढेच. म्हणून ज्या व्यवसायाला प्रत्येक जुन्या यंत्रावर नफाच होतो, त्याने विक्रीकौशल्याचे कौतुक करण्याआधी आपले घसाऱ्याचे दर तपासावेत. आयएएस 16 या यंत्रांसारख्या स्थिर मालमत्तेच्या हिशेबाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार उपयुक्त आयुष्य आणि अवशेष मूल्य यांचा निदान प्रत्येक आर्थिक वर्षाच्या अखेरीस फेरविचार करावा लागतो आणि अंदाज बदलला तर त्याचा परिणाम चालू व पुढील काळात दाखवला जातो, मागचे हिशेब उकरले जात नाहीत. असा नफा महसुलात मिसळण्यासही हेच मानक सर्वसाधारणपणे मनाई करते. रोकड प्रवाह पत्रक वर्षाच्या नफ्यापासून सुरू केले, तर तो त्याच्या व्यवहारजन्य (रोजच्या धंद्याच्या) भागातून वजा होतो आणि विक्रीची रक्कम गुंतवणुकीच्या भागात येते.

यंत्र नुसते बंद ठेवले म्हणून सरळ रेषा पद्धतीतील घसारा थांबत नाही. उत्पादनाच्या नगांवर घसारा आकारला जात असेल तर मात्र तो त्या काळात शून्य होऊ शकतो. आयएफआरएस 5 या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या अटी पूर्ण करून यंत्र 'विक्रीसाठी धारण केलेले' या वर्गात गेले की घसारा थांबतो आणि ते पुस्तकी किंमत किंवा विक्रीखर्च वजा जाता रास्त मूल्य (बाजारात येऊ शकणारी किंमत), यांपैकी जी रक्कम कमी असेल तिला दाखवले जाते.

सर्वाधिक दुर्लक्षित प्रकार सुट्या भागांचा. मोठ्या यंत्राची मोटर बदलून नव्या मोटरची किंमत यंत्रसामग्रीत चढवली जाते, पण जुन्या मोटरची उरलेली पुस्तकी किंमत मात्र काढली जात नाही, आणि एकाच जागेवर दोन मोटरींचा घसारा चालू राहतो. जुन्या भागाची किंमत वेगळी नोंदलेली नसेल, तर नव्या भागाच्या किमतीवरून ती अंदाजता येते. मालमत्ता नोंदवहीत यंत्र एकाच ओळीत न लिहिता मुख्य भाग खरेदीच्या दिवशीच वेगळे नोंदवले, तर हा अंदाज करण्याची वेळच येत नाही.