पिंजऱ्याची टाकी

मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे शाकारणीची घाई. त्या दिवशी गुहागर तालुक्यातल्या एका घरी आढ्यावर बसून फुटकी कौलं मोजत होतो. खाली अंगणात ग्राइंडर सुरू झाल्याचा आवाज आला. वाकून बघितलं, तर काकूंचा मुलगा मोठ्या टाकीपाशी उभा.

लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यातली, खाली पॅलेट असलेली, हजार लिटरची पांढरी प्लास्टिकची टाकी. एमआयडीसीत यातून रसायनं येतात आणि रिकामी झाली की भंगारात जातात. मुंबईहून सुट्टीला आलेल्या मुलाने दोन आणून ठेवल्या होत्या. एक कापून तिच्या पत्र्याने पडवीची पन्हळ करायची, दुसरी न्हाणीघराच्या स्लॅबवर चढवायची, असा बेत.

शिडीवरून उतरतानाच थिनरसारखा वास आला. "बंद कर आधी ते!" मी ओरडलो.

"रिकामीच आहे की दादा."

रिकामी आहे म्हणूनच भीती. तळाशी वाटीभर द्रव राहिला तरी त्याची वाफ आतल्या हवेत मिसळते, आणि त्या मिश्रणाला ठिणगी पुरते. भरलेल्या टाकीत एवढी वाफ मावायला जागाच नसते. लेबल कुणीतरी खरवडून काढलं होतं, पण एका कोपऱ्यात तिरप्या लाल चौकोनाचा तुकडा शिल्लक होता. त्यात ज्योत आणि खाली ३ चा आकडा. ही ज्वालाग्राही द्रवाची खूण. पिंजऱ्याच्या नळीला ग्राइंडरचं पातं लागायला हातभर अंतर होतं. मुलगा खाली बसला, काकू दारातच थिजल्या. माझेही पाय थरथरत होते.

ती टाकी आम्ही झाकण लावून त्याच टेम्पोने परत पाठवली. भंगारवाल्याने वाद घातला नाही, पण माझा राग अजून गेलेला नाही. लेबल खरवडून टाकी विकणं म्हणजे माणसाच्या घरात काय धाडतोय ते लपवणं. हे प्लास्टिक आतला द्रव शोषून घेतं, कितीही धुतलं तरी वास निघत नाही. अशाच टाक्यांतून लोक पिण्याचं पाणी भरतात.

मुलाची कल्पना वाईट नव्हती, हे मी त्याला सांगितलं. मी स्वतः एका गोठ्याची पन्हळ अशाच टाकीच्या पत्र्याने केली आहे. त्या टाकीत आधी साबणाचं पाणी होतं. वरचे दोन आडवे दांडे पान्याने सोडवले की आतली टाकी अख्खी बाहेर येते, पिंजरा कापावा लागत नाही. प्लास्टिक जिगसॉने कापायचं, ग्राइंडरने ते वितळतं. त्याला सिलिकॉन धरत नाही, म्हणून पत्रे एकमेकांवर वीतभर चढवायचे. स्क्रूची भोकं लांबट ठेवायची, कारण उन्हात हे प्लास्टिक मीटरमागे चार-पाच मिलिमीटर वाढतं. भोक घट्ट असेल तर पत्रा फुगतो आणि पाणी वाशावर येतं. या घरची पन्हळ मात्र मी जीआय पत्र्याचीच केली.

दुसऱ्या टाकीवर ग्लुकोज सिरपचं लेबल शाबूत होतं. तीन पाण्यांनी धुतली. स्लॅबवर चढवायला मात्र मी नकार दिला. भरलेली टाकी १०६० किलोच्या आसपास जाते आणि उभी राहते जेमतेम १.२ चौरस मीटरवर. म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ ९०० किलो. चढता येणारी गच्ची साधारण १५० किलोचा हिशेब धरून बांधतात. न्हाणीघरावर दोनशे लिटरची छोटी टाकी भिंतीच्या माथ्यावर टेकवून बसवली, आणि ही खाली, वळचणीलगत, चिऱ्यांच्या दोन फुटी चौथऱ्यावर. उजेड लागला की आत शेवाळ धरतं, म्हणून जुनी ताडपत्री गुंडाळली. तोटीच्या जाड आट्यांना आपला दोन इंची नळ बसत नाही. त्याचा अडॅप्टर चिपळूणहून आणेपर्यंत संध्याकाळ झाली.

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. टाकीला जोडलेली मागची बाजू ६० चौरस मीटरची, म्हणजे १७ मिलिमीटर पावसात टाकी भरणार. आपल्याकडे हा तासाभराचा पाऊस.

जूनमध्ये काकूंचा फोन आला. "मिस्त्री, भरली हो टाकी. आता वरून वाहतेय."

"पहिलं पाणी सोडून दिलं होतं ना?"

"अर्धा दिवस पाइप बाजूलाच ठेवला होता. काळं पाणी गेलं, मगच जोडला."

दुसऱ्या दिवशी जाऊन वरच्या कडेला भोक पाडलं आणि जादा पाण्याचा पाइप विहिरीकडच्या चरात सोडून आलो.