सातव्या मजल्यावरची दोन स्वयंपाकघरं

मंगळवारी सकाळी घाटकोपरच्या साइटवरून इंजिनिअरचा फोन आला. "मॅडम, ए विंगला सातव्या मजल्यावर फ्लॅट २ मध्ये दोन स्वयंपाकघरं दाखवतंय. आणि बी विंग उघडली तर आत काहीच नाही." टाइल्सची ऑर्डर दुपारी जायची होती. ती आधी थांबवायला लावली.

आमच्या एस्टिमेटच्या सॉफ्टवेअरमध्ये विंग, मजले, फ्लॅट, खोल्या सगळं एकाच टेबलात असतं. प्रत्येक ओळीत तिचा आयडी आणि तिच्या वरच्या ओळीचा, म्हणजे पॅरेंटचा आयडी. ए विंगच्या ६३९ ओळी: १ विंग, २२ मजले, ८८ फ्लॅट, ५२८ खोल्या. बी विंग तशीच, म्हणून आदल्या रात्री कॉपी मारली होती. ओळींना नवे आयडी मिळाले, पॅरेंट मात्र जुनेच राहिले. बीच्या खोल्या एच्या फ्लॅटमध्ये जाऊन बसल्या. फॉरेन कीनं, म्हणजे ओळींमधले दुवे तपासणाऱ्या डेटाबेसच्या नियमानं, हूं की चूं केलं नाही. पॅरेंट टेबलात आहे का, एवढंच ती बघते; आणि तो होताच. टेस्टिंगला ६३९ ओळी वाढल्या एवढं मोजून पास केलं होतं. ओळी मोजणं म्हणजे टेस्टिंग नव्हे, किती वेळा सांगायचं?

सहकारी नावं जुळवून पॅरेंट बदलायला बसला. मी थांबवलं. 'फ्लॅट २' प्रत्येक मजल्यावर आहे. नावावर गेलो तर २२ मजल्यांच्या खोल्या कुठल्या तरी एकाच फ्लॅटमध्ये कोंबल्या जातील.

हवी होती ती जुन्या-नव्या आयडीची जोडी. आमचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर. त्यात साध्या इन्सर्टचं, म्हणजे ओळी घालणाऱ्या आज्ञेचं, आउटपुट फक्त नवी ओळ देतं, ती कुठल्या ओळीवरून आली ते सांगत नाही. मर्जचं आउटपुट सांगतं; मर्ज म्हणजे अटीनं ओळी जुळवून, न जुळलेली ओळ नवी म्हणून घालू शकणारी आज्ञा. बिघडलेली कॉपी काढली, मर्जला अट दिली १ = ०. काहीच जुळत नाही, म्हणून प्रत्येक ओळ नवी म्हणून आत जाते, आणि दोन्ही आयडी तात्पुरत्या टेबलात उतरतात. त्या जोड्यांवरून एका अपडेटमध्ये सगळे पॅरेंट बदलले. हे सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. मग ए आणि बी, दोन्हीकडचा सातव्या मजल्यावरचा फ्लॅट २ उघडून पाहिला. एकेकच स्वयंपाकघर.

प्रत्येक ओळीत विंगचा आयडी आहेच. फॉरेन की विंग आणि पॅरेंट दोन्ही मिळून लावली असती, म्हणजे पॅरेंट त्याच विंगमधला आहे का हेही तिनं बघितलं असतं, तर रात्रीची ती कॉपी डेटाबेसनं घेतलीच नसती. संध्याकाळी लीडना दाखवलं. "रिलीजनंतर बघू," म्हणाले.

सी विंगची कॉपी शुक्रवारी आहे.