आरी घसरली त्या पाकिटाचं काय केलं

काल रात्री चामड्याच्या पाकिटाचा शेवटचा कोपरा शिवताना आरी, म्हणजे टाक्यासाठी भोक पाडायची टोचणी, घसरली आणि नको तिथे, ३ मिलीमीटर आत भोक पडलं. कापडातलं भोक धुतल्यावर बऱ्यापैकी बुजतं, चामड्यात एकदा पडलं की पडलं, म्हणून इतका जीव हळहळला की तसंच टेबलावर ठेवून झोपले. सकाळी जरा ओलं करून चमच्याच्या पाठीने घासलं, बारीक झालं पण गेलं नाही, मग शेजारी अजून एक भोक पाडून मुद्दाम आडवा टाका घातला आणि आता तो कोपराच मला सगळ्यात आवडतोय.

पाण्याच्या डागाचं सोपं असतं. पुण्याच्या पावसात गाडीवरून येताना पिशवीवर थेंब पडतातच, तेव्हा नुसता डाग पुसत बसू नका, झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं असेल तर अख्खा तुकडा स्पंजने एकसारखा ओला करा आणि सावलीत वाळवा, डागाची कड बरीच मिसळून जाते.

आणि गोचिडीच्या खुणा, काट्याचे ओरखडे, मानेच्या सुरकुत्या, याला मी चूक म्हणतच नाही, ते त्या म्हशीचं आयुष्य आहे. सैल टाका मात्र चालत नाही. तसली दोन पाकिटं उसवून ठेवलीयेत, आज शिवायला घेते.