आमची वाटचाल : ‘डायल रंगवून मिळणार नाही’

आमच्या घड्याळाच्या दुकानात काउंटरच्या काचेवर ही एवढीच पाटी आहे. बाबांच्या वेळी ती नव्हती. उलट डागाळलेली डायल रंगाऱ्याकडून नवी करून आणणं, हा त्यांच्या कमाईचा मोठा भाग होता. मुंबईच्या दमट हवेत डायली खराब व्हायच्याच, आणि लग्नात जावयाला द्यायचं घड्याळ चकचकीत नको? त्यात लबाडी कुठलीच नव्हती.

गिरगावातल्या त्या टपरीवजा जागेत मी कामाला बसलो आणि मला स्टॉपवॉचवाल्या घड्याळांचं वेड लागलं. आखातातून आलेलं सेको कंपनीचं ६१३९ मॉडेल सुरुवातीला, मग स्विस कंपनी हॉयरची घड्याळं. हॉयरने १९६३ साली काढलेल्या कॅरेराचं नाव मेक्सिकोतल्या ‘कॅरेरा पानामेरिकाना’ या मोटारशर्यतीवरून ठेवलेलं. असलं एक कॅरेरा मी चोरबाजारातून उचललं आणि परदेशी गिऱ्हाइकाला विकलं. महिन्याभरात ते परत आलं. सोबत एकच ओळ : टॅकीमीटर बघा.

टॅकीमीटर म्हणजे डायलच्या कडेची वेगाची पट्टी. किलोमीटरभर जायला ३० सेकंद लागले तर वेग ताशी १२०. म्हणजे १२० चा आकडा बरोबर सहाच्या ठिकाणी हवा, आणि ८० चा नवाच्या. आमच्या डायलवर १२० चांगला दोन रेघा सरकलेला. रंगाऱ्याने नक्षी समजून आकडे काढले होते! पैसे परत केले. अशा मालाला जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, हेही तेव्हाच कळलं. फार लागलं ते.

पाटी त्यानंतरची. सुरुवातीला निम्मं गिऱ्हाईक गेलं. २०१७ साली हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याचं रोलेक्स डेटोना, म्हणजे असलंच स्टॉपवॉचवालं घड्याळ, न्यूयॉर्कच्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं, तेव्हा मात्र फोन थांबेनात. प्रत्येकाच्या आजोबांच्या पेटीत एक डेटोना! दाखवायला कुणीच आणलं नाही.

परवा ठाण्याचे एक काका ६१३९ विकायला घेऊन आले. डायल रंगवलेली. मागचं झाकण उघडलं तर आत सुईने कोरलेली खूण. बाबांची. डायल मूळची नाही, भाव निम्माही येणार नाही, आणि रंगवून आमच्याच दुकानातून गेली आहे, असं तिन्ही सांगितलं. काका हसले. “मग राहू दे, सर्व्हिसिंग करून द्या,” म्हणाले.