एरर १०९३ आणि बिनमोबाईलचे ग्राहक

मायएसक्यूएल ८ या डेटाबेसवरचं ग्राहकांचं टेबल. एकेका मोबाईल नंबरच्या दोन-दोन, तीन-तीन नोंदी झालेल्या. प्रत्येक नंबरची सर्वांत जुनी नोंद ठेवून बाकीच्या उडवायच्या, एवढंच काम. प्रत्येक मोबाईलच्या गटातला सर्वांत लहान आयडी सोडून बाकी सगळं काढ, अशी क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) मी सरळ लिहिली: 'डिलीट फ्रॉम ग्राहक व्हेअर आयडी नॉट इन (सिलेक्ट मिन(आयडी) फ्रॉम ग्राहक ग्रुप बाय मोबाईल)'. एरर १०९३. ज्या टेबलातून ओळी काढायच्या, तेच टेबल मायएसक्यूएल सबक्वेरीत (कंसातल्या आतल्या क्वेरीत) वाचू देत नाही. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसने हीच क्वेरी निमूट चालवली असती.

उपाय तसा सगळ्यांना पाठ असतो: आतल्या सिलेक्टभोवती आणखी एक सिलेक्ट गुंडाळायचा आणि आतल्याला 'अ‍ॅज ठेवा' असं काहीतरी नाव द्यायचं. नाव विसरलं की एरर १२४८. आतला निकाल आधी तात्पुरत्या टेबलात उतरतो, म्हणून हे चालतं. आत साधाच सिलेक्ट असेल तर ५.७ आवृत्तीपासून ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) तो बाहेरच्या क्वेरीत मिसळून टाकू शकतो आणि १०९३ पुन्हा हजर होतो. इथे ग्रुप बाय होता, त्यामुळे ती भीती नव्हती.

चालवण्याआधी डिलीटच्या जागी सिलेक्ट काउंट(*) घातलं. आकडा बघून हात थांबला. ज्यांनी मोबाईल दिलाच नव्हता, ते जवळजवळ सगळे ग्राहक त्यात होते! ग्रुप बाय सगळे नल (मूल्यच नसलेल्या जागा) एकाच गटात कोंबतो. त्यांच्यातला एकच वाचणार होता. १०९३ आडवा आला नसता तर मोजायला कोण बसलं असतं?

मग सबक्वेरी सोडून टेबल स्वतःशीच जॉइन केलं, म्हणजे त्याच्याच दोन प्रतींच्या, अ आणि ब च्या, ओळी एकमेकींशी जुळवल्या आणि अ मधल्या काढायच्या ठरवल्या: अ.मोबाईल = ब.मोबाईल आणि अ.आयडी > ब.आयडी. नल नलशी जुळत नाही, त्या ओळी आपोआप सुटल्या. रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) मात्र रिकाम्या स्ट्रिंगशी जुळते, तिच्यासाठी वेगळी अट.

लॉक (डिलीट चालू असताना ओळींना लागणारं कुलूप) लांबू नयेत म्हणून ५००-५०० ओळी काढायच्या होत्या. पण जॉइनच्या डिलीटला लिमिट (ओळींच्या संख्येची मर्यादा) चालत नाही, आणि इनच्या सबक्वेरीत लिमिट घातलं की एरर १२३५. शेवटी काढायचे आयडी अनुक्रमांकासह वेगळ्या टेबलात भरले. तिथे डिस्टिंक्ट (तीच नोंद एकदाच घेणं) लागतं, कारण तीन नोंदी असल्या की तिसरीचा आयडी दोनदा येतो. मग त्या टेबलाशी जॉइन करून १ ते ५००, ५०१ ते १००० असं डिलीट करत गेलो.